क्रीडा पानावर बर्फालाही जागा हवी

संपादक महोदय,

नोकरीनिमित्त सांगली सोडून मनालीला आलो, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत दगडासारखे गोठले, घरून निघालेला तिळगूळ संक्रांत उलटून आठवड्याने हाती पडला आणि तो उघडताना डोळे भरून आले, हे कबूल करतो. पुढच्या रविवारी घरमालकांनी मनालीजवळच्या सोलंगच्या बर्फाळ उतारावर नेऊन पायांत स्की, म्हणजे बर्फावरून घसरण्याच्या लांब पट्ट्या, अडकवल्या. त्या दिवशी सात वेळा आपटलो, तरी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. स्कींची पुढची टोके एकमेकांकडे वळवून वेग आवरायचा, वळताना भार बाहेरच्या पायावर द्यायचा आणि नजर पायांवर नव्हे, समोर ठेवायची, एवढे अंगवळणी पडेपर्यंत मार्च उजाडला. घराची ओढ अजूनही आहेच. पण ती उतारावर असताना छळत नाही.

याच परिसरातील आंचल ठाकूर यांनी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवून स्कीइंगमधील भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक आणले. गुलमर्गला २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा होत आहेत. क्रिकेटच्या सराव सामन्यांनाही रकानेच्या रकाने मिळतात, तेव्हा या खेळाडूंचे निकाल निदान चार ओळींत तरी छापावेत, ही विनंती.

– एक सांगलीकर, मनाली