रेझ्युमेवर लाल पेन चालवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

सिन्नरच्या कंपनीचं ऑफर लेटर आल्याचं तुम्हाला जिन्यातच सांगितलं होतं. पण आभार मानायला लागलं की तुम्ही विषय गंगापूर धरणाच्या पाण्यावर नेता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. नाशिकच्या अंबड-सातपूरला कारखान्यांत क्वालिटीत, म्हणजे माल तपासायचं, काम करणाऱ्या माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या पुष्कळ आहेत, त्यांच्याही कामी येईल.

माझा रेझ्युमे वाचून तुम्ही विचारलंत, “यातलं तुझं नाव काढून शेजारणीचं टाकलं, तर काय बदलेल?” हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर. काहीच बदललं नसतं.

मग तुम्ही मला ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर सोडवायला बसवलंत. अमेरिकेच्या कामगार खात्याची ही फुकट चाचणी. ६० कामं दिलेली, प्रत्येक काम करायला कितपत आवडेल एवढंच सांगायचं. शिक्षण नि पगार डोक्यात आणायचा नाही. स्वयंपाकघरातली कपाटं बनवायला आवडेल का, असं विचारल्यावर मी हसले होते. (आमच्याकडे सुताराची वाट बघून आई थकली आहे, तिला विचारायला हवं होतं.) जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या विचारावर ती उभी आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. आवडींचे सहा गट: हाताने करायचं काम, शोध, कला, माणसांना मदत, पुढाकार-व्यवसाय आणि नोंदी-शिस्त. माझे गुण शोध आणि नोंदींत सगळ्यात वर, त्याखाली माणसं.

निकालाची प्रिंट रेझ्युमेला जोडू का विचारलं, तर तुम्ही चष्मा काढलात. “ही तुझीच उत्तरं तुला गोळा करून परत दिलीत. आवड कळली, येतं काय ते कुठे कळलं? पुरावा आण.”

खरी मदत इथून सुरू झाली. एकेक गट घेऊन तुम्ही उकरत गेलात. नोंदी? मग व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज या मापाच्या साधनांचं कॅलिब्रेशन रजिस्टर (ती बरोबर मोजतात का, याची नोंद) वहीतून एक्सेलवर कोणी आणलं? शोध? बोअरच्या (पार्टमधल्या गोल भोकाच्या) मापातलं रिजेक्शन कशामुळे येतंय ते शोधताना एट-डी रिपोर्टमध्ये (दोषाचं मूळ आठ पायऱ्यांनी शोधून उपाय लिहितात तो) तू काय केलंस, टीमने काय केलं ते वेगळं सांग. माणसं? नव्या ट्रेनी मुलांना फर्स्ट पीस (मशीनवरून निघालेला पहिला नग) तपासायला शिकवतं कोण? ही कामं मी रोज करत होते, पण कागदावर त्यातलं एकही नव्हतं. मग ओ-नेटच्या वेबसाइटवरच गुणवत्ता तपासनिसाच्या कामांची यादी काढून माझी वाक्यं तिच्याशी ताडून पाहिलीत. तिथले पगाराचे आकडे मात्र डॉलरमधले, ते बघू दिले नाहीत!

स्वभावाचे सोळा प्रकार चार-चार अक्षरांत सांगणाऱ्या त्या चाचणीबद्दलचं तुमचं मतही मला पटलं. मायर्स-ब्रिग्ज चाचणी चालवणारेच सांगतात की भरतीत माणूस निवडायला ती वापरू नका. मग आपण ती अक्षरं नावाखाली का मिरवायची? स्वतःशी गप्पा मारायला ती बरी.

मुलाखतीत निम्मा वेळ त्या बोअरच्या रिजेक्शनवरच गेला. माझा स्वभाव कसा आहे, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

एका बाबतीत मात्र आपलं अजून जमलेलं नाही. छंदांची ओळ तुम्ही खोडलीत, मी ती परत घातली. पांडवलेणी चढायला जाते हे खरं आहे आणि ते राहणार.

आणि हो, रविवारी मामेभावाला तुमच्याकडे पाठवते आहे. त्याने पहिल्याच ओळीत ‘बॉर्न लीडर’ लिहिलंय. लाल पेनात रीफिल भरून ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची