बाबा, तुमची वही माझ्याकडे आहे

प्रिय बाबा आणि आई,

प्रेमळ सलाम.

वही पोचली. खाकी कव्हर घातलेली, वर तुमच्या अक्षरात ‘तो कोण?’ आणि पहिल्याच पानावर माझ्यासाठी सूचना: टाईप करणे, शंभर प्रती काढणे, मंडळीत वाटणे. बाबा, सगळी १४० पानं मी वाचली. दोनदा वाचली. आणि मी ती टाईप करणार नाही. हे आधीच लिहून टाकते. चार पानं गोड बोलून शेवटी सांगितलं असतं तर तुम्हाला जास्त लागलं असतं.

वेळ नाही म्हणून नाही. तुमच्यासाठी रात्री जागून मी याच्या दुप्पट पानं टाईप केली असती. तुमच्या लिहिण्याची लाज वाटते म्हणूनही नाही. आणि माझा विश्वास थंडावलाय असं तर मनातही आणू नका. प्रभू परत येणार, हे तुमच्या मांडीवर बसून ऐकलं तेव्हा जितकं खरं वाटलं तितकंच आजही वाटतं. शेवटच्या काळी ख्रिस्ताविरुद्ध उठणारा तो ख्रिस्तविरोधक येणार हेही मी मानते. पण वहीच्या शेवटच्या चाळीस पानांत तुम्ही ‘हाच तो’ म्हणून एका जिवंत माणसाचं नाव लिहिलंय. ते माझ्या हातून शंभर घरांत जावं, हे माझ्याच्यानं होत नाही.

छोटूबद्दल तुम्हाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता सांगते. सुट्टीत तुम्ही त्याला हिटलरचं गणित शिकवलंत. इंग्रजी अक्षरांत ए म्हणजे १००, बी म्हणजे १०१, असं पुढे झेडपर्यंत. मग हिटलरची सहा अक्षरं: १०७, १०८, ११९, १११, १०४, ११७. बेरीज बरोबर ६६६, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, दिलेला श्वापदाचा आकडा. तुम्ही कौतुकानं शिकवलंत, आजोबा नातवाला शिकवतात तसं, त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण तो इकडे येऊन वर्गातल्या सगळ्यांची नावं मांडत बसला. एका मुलीचं नाव बरोबर ६६६ भरलं. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या बाकावर बसेना. बाईंनी मला बोलावून विचारलं, तेव्हा काय उत्तर द्यावं मला सुचेना. रात्री तो विचारत होता, ‘आई, तिला माहीत असेल का गं, ती कोण आहे ते?’

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. आकडेमोड तुमच्याकडूनच शिकलेय ना. सहा अक्षरांचं नाव असलं की प्रत्येकी १०० धरून ६०० तर आपोआपच होतात. उरले ६६, म्हणजे अक्षरामागे ११. अक्षरं शून्यापासून पंचविसापर्यंत जातात, म्हणजे ११ हा आकडा जवळजवळ मधलाच. तेव्हा सहा अक्षरी कुठलंही साधं नाव ६६६ च्या आसपासच घुटमळणार. मी ‘सविता’ मांडून पाहिलं. एस ११८, ए १००, व्ही १२१, आय १०८, टी ११९, पुन्हा ए १००. बेरीज करा बाबा, तुमच्या पेन्सिलीनं करा. बरोबर ६६६. जगात किती सविता असतील! आणि ए म्हणजे १०० हे ठरवलं कुणी? प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या काळी ग्रीक आणि हिब्रू अक्षरांना खरोखरच ठरलेल्या किमती होत्या, तेव्हाचे लोक अक्षरांनीच आकडे लिहायचे. हे शंभरापासून सुरू होणारं कोष्टक मात्र नाव आधी ठरवून मग जुळवलेलं आहे.

छोटूला मी जवळ घेऊन हे सगळं मांडून दाखवलं. आता तो तिच्याशेजारी बसतो. तुम्ही याबद्दल त्याला काही बोलू नका, तो आजोबांना वाईट वाटेल म्हणून घाबरलाय.

तुमच्या वहीतला इरेनियस मला फार आवडला, खरंच. पण तुम्ही त्याचं अर्धंच घेतलंय. तो ल्योनचा बिशप, लहानपणी त्यानं पोलिकार्पला ऐकलेलं, आणि पोलिकार्प योहानाचा शिष्य असं तो स्वतःच सांगतो. आपल्यापैकी कुणापेक्षाही तो योहानाच्या जवळचा. सन १८० च्या सुमारास त्यानं त्या आकड्यावर लिहिलं. नावंही मांडून पाहिली, एव्हान्थास, लातेइनोस, तेइतान. तेइतान तर त्याला बरंच पटलं होतं. आणि तरी तो थांबला. त्याचं म्हणणं असं की अंदाज करत बसण्यापेक्षा भविष्य पुरं होण्याची वाट पाहणं जास्त सुरक्षित. ते नाव आजच कळायला हवं असतं, तर ज्यानं दर्शन पाहिलं त्यानंच ते सांगितलं असतं. काही हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे हेही त्याला माहीत होतं, आणि चुकीच्या आकड्यावर नाव शोधणाऱ्यांना त्यानं सावध केलं. ‘तेइतान’ तुम्ही तांबड्यानं अधोरेखित केलंय. तो थांबला ती ओळ मात्र वहीत नाही. मला वाटतं ज्यांच्याकडून तुम्ही उतरवलंत त्यांनीच ती गाळली असेल.

आणि किती जणांना हे नाव लागून गेलं, बाबा. १२३९ साली पोप नववा ग्रेगरी याने सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकला समुद्रातून वर येणारं श्वापद म्हटलं, फ्रेडरिकच्या बाजूनं उलट पोपलाच ख्रिस्तविरोधक म्हटलं. फ्रेडरिक १२५० मध्ये वारला आणि जग चालूच राहिलं. नेपोलियनला म्हटलं, मुसोलिनीला म्हटलं. रेगनच्या तिन्ही नावांत सहा-सहा अक्षरं म्हणून त्याला, गोर्बाचेव्हला तर कपाळावरच्या जन्मखुणेवरून! तुमचा लाडका धर्मसुधारक लूथरही याच्यात आला. १५२० मध्ये तो पोपबद्दल काय लिहीत होता ते तुम्हीच मला वाचून दाखवलं होतंत. लूथरबद्दल मला आदर आहे तो आहेच. पण त्याच्या चार वर्षं आधी, डिसेंबर १५१६ मध्ये, रोममधल्या चर्चच्या पाचव्या लॅटरन परिषदेनं उपदेशकांना बंदी घातली होती की ख्रिस्तविरोधक अमुक वेळी येणार असं ठासून सांगायचं नाही. म्हणजे तेव्हासुद्धा लोक घाबरून जात होते आणि कुणालातरी थांबवावं लागत होतं.

रशियातल्या जुन्या विश्वासवाल्यांचं वाचून मात्र मी बराच वेळ गप्प बसून होते. सतराव्या शतकात उपासनाविधी बदलले तेव्हा ख्रिस्तविरोधकाचं राज्य सुरू झालं असं त्यांतल्या कित्येकांना वाटलं, आणि हजारो माणसांनी, कुटुंबंच्या कुटुंबं, स्वतःला कोंडून घेऊन जाळून घेतलं. त्यांत लहान मुलंही होती. त्यांचा विश्वास खोटा होता असं मला म्हणवत नाही. त्यांनी फक्त ओळखलंय असं मानलं होतं.

२०११ च्या मे महिन्यात धाकट्या काकांनी काय केलं ते मी पुन्हा काढत नाही. आपल्या तिघांना माहीत आहे, तेवढं पुरे. फक्त एवढंच की ज्यानं प्रभू येण्याची २१ मे ही तारीख दिली होती, त्या अमेरिकेतल्या रेडिओ-उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंगनं पुढच्या वर्षी, वयाच्या नव्वदीत, आपलं चुकलं अशी जाहीर कबुली दिली. काकांना ते कुणी कळवलंच नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

बाबा, तुम्ही वचनाचे माणूस आहात, म्हणून वचनावरच येते. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही. दानीएलाच्या पुस्तकातही नाही. तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथे योहान म्हणतो की असे आताच पुष्कळ उठले आहेत. ओळखायचं कसं, तर येशू हाच ख्रिस्त आहे हे कोण नाकारतो त्यावरून. आकड्याचं तिथे नावही नाही. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो की दिवस आलाच असं कुणी म्हटलं, आमच्या नावाचं पत्र जरी दाखवलं, तरी एकदम घाबरून जाऊ नका. अनीतिमान पुरुष प्रकट होईल असं त्याच अध्यायात आहे. आपण त्याला हुडकून काढायचंय असं तिथे कुठेच नाही. त्याला अडवून धरणारा कोण, यावर प्राचीन मंडळीचा मोठा शिक्षक ऑगस्टीन यानं उघड लिहिलं की पौलाच्या मनात काय होतं ते मला कळत नाही. ऑगस्टीनला असं म्हणता आलं, तर तुम्हाला मला म्हणायला काय हरकत आहे?

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचते, ती जरा सांभाळून लिहिते. ज्या माणसाचं नाव तुम्ही लिहिलंय, तो मलाही आवडत नाही. त्याच्या कामांवर बोला, टीका करा, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण ‘हाच तो’ म्हणणं ही साक्ष झाली, आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको हे तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलंत. चुकलं तर ती शंभर घरांतून परत कशी आणायची? पौल तीमथ्याला राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो. एकदा ‘हाच तो’ म्हटलं की त्याच्यासाठी प्रार्थना करता येते का, बाबा? मी स्वतः करून पाहिली. तुमची चाळीस पानं वाचल्यावर मला त्या रात्री जमली नाही.

आठवतं, मी आठ वर्षांची असताना शाळेतून घरी आले तर दार नुसतं लोटलेलं, आईचं शिलाई मशीन उघडं, सुई कापडात तशीच रुतलेली, आणि घरात कुणीच नाही. प्रभू येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि मी एकटी मागे राहिले असं मला वाटलं. मी पलंगामागे जाऊन बसले. आई दोरा आणायला शेजारी गेली होती, पाच मिनिटांत आली, पण माझं हुंदके देणं काही थांबेना. संध्याकाळी तुम्ही आलात, बूट न काढताच माझ्याशेजारी फरशीवर बसलात आणि पहिल्या थेस्सलनीकाकरांचा चौथा अध्याय शेवटपर्यंत वाचलात. शेवटचं वचन बोट ठेवून माझ्याकडून वाचून घेतलंत: या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. ‘बघ, घाबरवा असं लिहिलंय का?’ असं विचारलंत. मग मी तुमच्या खांद्यावर झोपले. त्यानंतर मला कधी ती भीती वाटली नाही, बाबा. छोटूलाही मी तुमचंच वाक्य सांगितलं.

आता तब्येतीचं. आईनं चुगली केलेली नाही, मीच खोदून विचारलं, तिच्यावर रागावू नका. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडीओ पाहता, सकाळची बीपीची गोळी दुपारी घेता, आणि बायबलच्या शब्दसूचीचा जाड खंड काढायला स्टुलावर चढता. हे बंद. नऊनंतर फोन आईच्या उशाशी. गोळी उठल्याबरोबर. शब्दसूची खालच्या फळीवर ठेवायला मी सांगितलंय. मंगळवारी तपासणीची वेळ घेतली आहे, सोबत कोण येणार तेही ठरवलंय, तेव्हा ‘मला काही झालेलं नाही’ हे नको. टेबलाचा दिवा पाठवतेय, पिवळ्या उजेडाचा, डोळ्यांना त्रास होणार नाही. पाठीला टेकायची उशीही पाठवतेय, नेहमीच्यापेक्षा जरा कडक, सवय व्हायला दोन दिवस लागतील.

दानीएलाचं आठवा ना. आठव्या अध्यायाच्या शेवटी दर्शनानं तो आजारी पडला, बरेच दिवस पडून होता, आणि मग उठून राजाच्या कामाला लागला. दर्शन त्याला समजलं नव्हतंच. तुम्हीही उठा, सकाळी फिरून या, शेजारच्या आजारी माणसांना भेटायचं तुम्ही सोडलंत असं आई म्हणते, ते पुन्हा सुरू करा. ते तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.

वही मी फाडणार नाही, परतही पाठवणार नाही. कपाटात, स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवली आहे. पण पान २३ ते ५१, दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या प्रार्थनेवर तुम्ही लिहिलंय, ‘आम्ही पाप केले’ या शब्दांवर, ते मी टाईप करायला घेतलंय. नऊ पानं झाली. तिथे तुम्ही तांबड्या-निळ्या पेन्सिलीचं निळं टोक वापरलंय, बाकी वहीत ते कुठेच दिसत नाही. पान ३७ वरची एक ओळ पाण्यानं पुसली गेली आहे, ‘दानीएल स्वतःला त्यांच्यातच’ एवढंच वाचता येतं. पुढे काय होतं? रविवारी उपासनेनंतर फोन करते, तेव्हा सांगा. त्याच्या शंभर प्रती मी काढते.

आई, चष्म्याचा नंबर लिहून ठेव, दुकानात विचारतात. आणि फोन तू उचल, म्हणजे आधी तुझ्याशी पाच मिनिटं बोलता येईल.

तुमची लेक