टाळ्या मिळाल्या, रक्त नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या अंकातला प्रभावी वक्तृत्वावरचा लेख वाचला. आवाजाची फेक, हातवारे, विराम, श्रोत्यांच्या नजरेला नजर, सगळं आलं. भाषण संपल्यावर श्रोत्यांनी करायचं काय, एवढं मात्र राहून गेलं. लेखकमहाशयांना ते किरकोळ वाटलं असावं.

मागे एका रक्तदान शिबिरात मी नोंदणीच्या टेबलावर होतो. उद्घाटनाला नामांकित वक्ते आले होते (नाव लिहीत नाही, चाहते बरेच आहेत). दीड तास बोलले. रक्ताची नाती, कर्णाची कवचकुंडलं, सीमेवरचा जवान आणि शेवटी स्वतःचीच कविता. बायकांनी डोळे पुसले, सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. पण ‘वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, बाहेर डाव्या हाताला खाटा मांडल्यात, चला’ असं एक वाक्य त्या दीड तासात आलं नाही. मग आभारप्रदर्शन, मांडववाल्यापासून माइकवाल्यापर्यंत. तोवर लोकांनी चपला शोधायला सुरुवात केली होती. रक्तपेढीची मुलं रिकाम्या खाटांशेजारी मोबाइल बघत बसली. मी वक्त्यांनाच विचारलं, ‘सर, आपण देणार ना?’ तर म्हणाले, ‘पुढचं व्याख्यान आहे हो.’ दुसऱ्या दिवशी आपल्याच वृत्तपत्रात बातमी: श्रोते मंत्रमुग्ध! झाले होते खरे. मंत्रमुग्ध माणूस जागचा हलत नाही.

महाडची परिषद आठवा, २० मार्च १९२७. भाषणं झाली, ठराव झाले. परिषद संपत आली तेव्हा अनंतराव चित्रे उठले आणि म्हणाले, आता असेच चवदार तळ्यावर जाऊ. कुठे, केव्हा, काय करायचं, सगळं एका सूचनेत. हजारो माणसं निघाली. तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आधी स्वतः प्यायलं, मग बाकीच्यांनी.

किंवा पोचमपल्ली, १८ एप्रिल १९५१. भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच सरळ विचारलं, कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले, १०० एकर देतो म्हणाले. भूदान तिथून सुरू झालं. विनोबांच्या आवाजाची फेक कशी होती, हे आपल्या लेखकांनी जरूर तपासावं. गाडगेबाबा तर आधी खराट्याने गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. त्यांच्या विरामांवर कुणी लेख लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

लेखासोबतची ‘श्रोत्यांना जिंकण्याचे सात मार्ग’ ही चौकटही वाचली. जिंकून घरी पाठवायचे असतील तर उपयोगी आहे.

जाता जाता आणखी एक. कार्यक्रमाच्या बातमीत व्यासपीठावर कोण कोण होतं याच्या आठ ओळी असतात आणि कार्यक्रमातून झालं काय याची एकही नसते. त्या शिबिरात रक्ताच्या पिशव्या किती जमल्या, हे आपल्या प्रतिनिधीने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मी तिथेच बसलो होतो. हा मुद्दा मी मागच्या पत्रातही लिहिला होता. आपण तो नेमका कापलात आणि ‘आपले वृत्तपत्र मी आवडीने वाचतो’ हे वाक्य तेवढं छापलंत.

आपला,
एक (अजूनही) नियमित वाचक