रेकॉर्ड रूममधल्या काकांना

माझी पीएचडी प्रभाग समित्यांवर आहे. 74व्या घटनादुरुस्तीने 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत त्या बंधनकारक केल्या. पण बैठकीत प्रत्यक्षात काय झालं, हे इतिवृत्तांतच सापडतं. तीन महिने महापालिकेत बसून ती उतरवून घेतली आणि एका दुपारी लॅपटॉपवर पाण्याची बाटली सांडली. बॅकअप? तो उद्या घेणार होते. (हसू नका.)

प्रगती अहवालाला नऊ दिवस उरलेले, परवानगीपत्राची मुदत संपलेली. रडवेली होऊन दारात उभी राहिले. काकांनी आधी चहा मागवला. मग स्वतः दोन मजले चढून साहेबांची सही आणली. मी आधी कुठले गठ्ठे काढले होते, ते त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने टिपून ठेवलं होतं, तारखेसकट! लाल फडक्यांच्या गाठी तेच सोडायचे. मी मोबाइलवर फोटो काढेपर्यंत वाळवीने खाल्लेली पानं लाकडी पट्टीने अलगद दाबून धरायचे. धुळीने खोकला यायचा त्यांना. तोंड बाजूला वळवून खोकायचे, पट्टी हलायची नाही. ‘ताई, 2009चं राहिलं,’ ही आठवणही त्यांचीच.

अहवाल वेळेत गेला. शटर अर्धं ओढल्यावरही प्रती बांधून देणाऱ्या झेरॉक्सवाल्या दादांचेही आभार.

काका, नाव विचारलं तर ‘रेकॉर्डवाले काका लिहा’ म्हणालात. तसंच लिहिलंय. फोटो आता तीन ठिकाणी ठेवलेत.