तीनशे जण उतरले, म्हणून पट्टा चांगला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत सहावीतल्या नातीला घेऊन सांदण दरीला जाऊन आलो. आपल्या कोल्हापुरात ट्रेक म्हटलं की पन्हाळा ते पावनखिंड. तो मी भर पावसात चिखल तुडवत दोनदा केलाय. पण तो पायांचा खेळ, सांदणला जीव दोरावर असतो. आणि मला लिहायचंय ते त्या दोराबद्दलच.

भंडारदऱ्याच्या पलीकडे साम्रद गावापाशी जमीनच उभी फाटलेली आहे. अगदी जवळ जाईपर्यंत काही दिसत नाही. आत उतरलं की दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फूट काळा पाषाण, आणि मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की नातीने हात पसरले तर दोन्हीकडे बोटं टेकली. ऊन खाली पोचतं ते दुपारी, तेही एवढीशी पट्टी. सुरुवातीलाच पाण्याचे डोह आहेत. माझ्या कमरेपर्यंत पाणी, आणि इतकं गार की पायाची बोटं जागेवर आहेत की गेली कळेना. नात साम्रदच्या एका वाटाड्या पोराच्या पाठीवरून पलीकडे गेली. आबांच्या पाठीवर तिचा भरवसा नव्हता.

पुढे बऱ्याच वेळाने पहिला कडा येतो, चाळीस-पंचेचाळीस फुटांचा. तिथे आयोजकांच्या पोरांनी दोर लावला होता. नातीला कमरेचा पट्टा (हार्नेस) चढवला. तो मोठ्या माणसाचा होता. शेवटपर्यंत आवळूनही माझी अख्खी मूठ आत गेली. मांडीचे पट्टे ढिले होते, म्हणून ते एका ओढणीने एकत्र बांधले. मोठ्या माणसाला पट्टा कमरेच्या हाडावर अडतो. अकरा वर्षांच्या पोरीचं हाड तेवढं रुंद कुठलं? उलटी झाली तर सरळ बाहेर. लहानांसाठी छातीला धरणारा पट्टा लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. डोक्यावरचं हेल्मेटही मान हलवली की कानावर यायचं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्सला 34 वर्षं काढली. वितळलेल्या लोखंडाची लॅडल, म्हणजे मोठी बादली, क्रेनवर डोक्यावरून जाते, त्यामुळे हूक दिसला की आधी त्यावर काय कोरलंय ते बघायची सवय. इथे दोर अडकवायच्या कडीवरही (कॅराबिनर) कोरलेलं होतं, 22 किलोन्यूटन. म्हणजे सव्वादोन टन, ते झकास. पण त्याच कडीवर उघड्या दाराचा आकडाही असतो, 7 वगैरे. कडीचं दार नीट मिटलं नाही तर ताकद थेट तिसऱ्या हिश्शावर. आमच्या समोरच्या कडीचा स्क्रू अर्धाच फिरत होता. पट्ट्याची शिलाई फुगलेली, रंग उन्हाने उडालेला. तारेच्या दोराची तार तुटली की हाताला टोचते, समजतं. नायलॉन काही बोलत नाही. उन्हाने, वाळूने, नुसतं पडून राहूनही ते आतून खलास होतं.

मी विचारलं, हे शेवटचं कधी तपासलं, नोंद कुठे आहे? पोरगा हसून म्हणाला, ‘‘काका, ह्या सीझनला तीनशे जण उतरलेत ह्याच्यावर.’’

अहो, तीनशे वेळा वापरला म्हणजे तीनशे वेळा झिजला! कारखाना कायदा 1948 च्या कलम 29 नुसार क्रेन, साखळी, दोर, हूक हे वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासून त्याची नोंद ठेवावीच लागायची. इन्स्पेक्टरने रजिस्टर मागितलं आणि ते नसलं तर आमच्या साहेबांना घाम फुटायचा. बिडाच्या तुकड्यासाठी रजिस्टर आणि पोरीसाठी ‘काका, टेन्शन घेऊ नका’?

आम्ही परत फिरलो. नात रडली, मग डोहापर्यंत एक शब्द बोलली नाही. बाकीचे सगळे सुखरूप उतरले हेही सांगायला हवं, कारण नातीने ते मला रात्री पिठलं-भाकरीवर तीनदा सुनावलं. वाटाड्या पोरगा तेवढा हळूच म्हणाला, ‘‘बाबा, बरं केलंत.’’

आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. राज्य सरकारने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे. नोंदणीचा कागद पालकांनी मागावाच, पण त्या कागदावर कुणी लटकत नाही. प्रत्येक दोर, पट्टा, कडी यांना नंबर घाला आणि एक साधी वही ठेवा. कधी घेतलं, किती जण उतरले, कुणी तपासलं, कधी बाद केलं. पैसे भरण्याआधी त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला काय हरकत आहे? जेवणाचा मेन्यू पाठवतातच की. आणि जाहिरातीत ‘वय 8 पासून पुढे’ लिहिणाऱ्यांनी आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचा पट्टा जवळ आहे का तेही लिहावं. कोल्हापुरातूनही आता शनिवार-रविवारी असे गट निघतात, शाळांच्या सहलीतही दोर आलेत, म्हणून हे पत्र.

नातीला पुढच्या डिसेंबरात पुन्हा जायचंय, आणि यावेळी खाली उतरायचंच आहे. तिच्या कमरेचा घेर 23 इंच. मी एकेका आयोजकाला फोन करून एवढंच विचारतो, ह्या मापाचा, छातीला धरणारा पट्टा आहे का? आतापर्यंत दोघे ‘बघू’ म्हणाले, तिसऱ्याने फोन ठेवला.

– एक वाचक, निवृत्त मेंटेनन्स फोरमन, राजारामपुरी, कोल्हापूर