नासर्डीच्या पाच पुलांवर पाणी मोजणारी यंत्रे : मदतीसाठी आवाहन

गोदावरीला पूर आला की अख्खे नाशिक एकच विचारते, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?" नदीपात्रातल्या या मूर्तीच्या कमरेला की छातीला, एवढे कळले तरी सराफ बाजारातले आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला घेतात. शिवाय गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडणार, हे जलसंपदा विभाग आधी जाहीर करतो.

नाशिकमधूनच वाहणाऱ्या नासर्डी नदीला यातले काहीच नाही. वरच्या अंगाला तासभर जोराची सर झाली की ते पाणी सातपूरच्या काँक्रीटवरून आणि नाल्यांतून थेट नदीत उतरते, कारण वाटेत मुरायला जमीनच उरलेली नाही. उंटवाडीत पाऊस थांबलेला असतानाही पात्र फुगते ते यामुळेच. रात्री काठच्या घरांना पुराची पहिली खबर मिळते ती उंबऱ्याला लागलेल्या पाण्याने.

नदीकाठच्या रहिवाशांच्या समितीतर्फे आम्ही पाच पुलांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे बसवायची ठरवली आहेत : सातपूरचा आयटीआय पूल, उंटवाडी, तिडके कॉलनी, पुणे रस्त्यावरचा नासर्डी पूल आणि टाकळी. वरच्या पुलावर पाणी चढले की खालच्या वस्तीला आवराआवरीला वेळ मिळावा, इतकाच हेतू आहे. सरकारी इशाऱ्याची जागा हे यंत्र घेणार नाही. त्याची नोंद महापालिकेच्या आपत्ती कक्षालाही खुली राहील.

यंत्र साधे आहे. पुलाखाली टांगलेला सेन्सर पाण्याच्या दिशेने आवाजाची लहर सोडतो, ती परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो आणि लोरा रेडिओने, म्हणजे कमी विजेत दूरवर संदेश पोचवणाऱ्या रेडिओने, ते जवळच्या गच्चीवरच्या गेटवेला (संदेश घेऊन इंटरनेटवर पाठवणाऱ्या पेटीला) कळवतो. बाजारात साडेचार मीटर पल्ल्याचे स्वस्त सेन्सर मिळतात, पण आपल्या पुलांच्या उंचीला ते अपुरे पडतात. म्हणून सात मीटरचा घेत आहोत. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो. दहा अंशांचा फरक पडला तर पाच मीटरवर आठ-नऊ सेंटिमीटरची चूक होते, तेव्हा प्रत्येक यंत्रात तापमापकही आहे. कॅमेरा मुद्दाम टाळला. मुसळधार पावसात रात्री त्याला काही दिसत नाही, आणि काठावरच्या घरांकडे कायम रोखलेला डोळा कुणालाच नको.

एरवी दर दहा मिनिटांनी आणि पाणी चढू लागले की दर मिनिटाला नोंद होईल. एका नोंदीसाठी यंत्र पाच सेकंद जागे राहते आणि ८० मिलिअँपिअर खाते. दर मिनिटाच्या हिशेबाने सरासरी पावणेसात मिलिअँपिअर होतात, म्हणजे ६००० मिलिअँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महिनाभर ऊन न पडताही टिकायला हवी. एक अट आहे : झोपेतही दहा मिलिअँपिअर पिणारा साधा डेव्हलपमेंट बोर्ड (प्रयोगांसाठी मिळणारा तयार इलेक्ट्रॉनिक बोर्ड) वापरायचा नाही. या एका चुकीने यंत्र ऐन श्रावणात बंद पडू शकते.

बाकीचे घात तांत्रिक कमी आणि रोजच्या देखभालीचे जास्त. सेन्सरच्या तोंडात कोळी जाळे विणतो, गांधीलमाशी घर करते. खांबाला आपटून पाणी तिथे फुगते आणि पातळी खोटी दिसते, म्हणून यंत्र खांबापासून निदान दीड मीटर दूर आणि प्रवाहाच्या खालच्या बाजूला हवे. पाणवेली, फेस किंवा तरंगते लाकूड मध्ये आले तर एखादा आकडा उडतो. त्यासाठी प्रत्येक वेळी ११ मोजण्या घेऊन मधली धरायची, आणि अशा सलग दोन नोंदी जुळल्याशिवाय भोंगा वाजवायचा नाही. दोन वेळा खोटा भोंगा वाजला की तिसऱ्या वेळी कुणी अंथरुणातून उठत नाही, ही आमची सर्वांत मोठी काळजी आहे. आणि सिमचे रिचार्ज संपल्यामुळे मुकी झालेली यंत्रे तर गावोगावी लटकलेली दिसतील. म्हणून दोन वर्षांचा चालू खर्च हाती आल्याशिवाय आम्ही पहिला नटही आवळणार नाही.

इशारा फक्त व्हॉट्सअॅपवर ठेवलेला नाही, कारण रात्री दोनला फोन मुके असतात. प्रत्येक गल्लीतल्या दोघांना आपोआप फोन जाईल आणि पुलाजवळचा भोंगा ते दोघे हाताने वाजवतील. घाऊक एसएमएससाठी मजकुराची आधी नोंदणी करावी लागते. ती झाली की एसएमएसही सुरू करू.

आता खर्च. एका यंत्राला ११,००० रुपये लागतात : सेन्सर ४,५००, बोर्ड, रेडिओ व अँटेना २,०००, बॅटरी ७००, सौर पॅनल ८००, पाणी न शिरणारी पेटी १,०००, क्लॅम्प आणि आडवा हात २,०००. अशी पाच, म्हणजे ५५,०००. एक सेन्सर आणि एक बोर्ड राखीव, ६,५००. दोन गेटवे १४,०००, पाच भोंगे १७,५००, आणि पुलांवर रंगवायच्या मोजपट्ट्या ७,५००. यंत्र खरे बोलते की नाही हे डोळ्यांनी पडताळायला या पट्ट्या हव्यातच. उभारणी १,००,५०० आणि दोन वर्षांचे रिचार्ज व फोनसेवा १९,६००, मिळून १,२०,१०० रुपये. देणगी चेकने किंवा यूपीआयने द्यावी, पावती घ्यावी. प्रत्येक खरेदीचे बिल समितीच्या फलकावर लागेल. पुलाच्या मालक खात्याची लेखी परवानगी आल्यावरच काम सुरू होईल आणि पुलाला एकही भोक पाडले जाणार नाही, सगळे क्लॅम्पवर बसेल. परवानगी मिळाली नाही तर रक्कम परत केली जाईल.

पैशांइतकीच इतर मदतही मोलाची आहे. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्याने ३ मिलिमीटर एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) पत्र्याचे पाच क्लॅम्प करून दिले तर १०,००० रुपये वाचतील. नदीजवळच्या दोन उंच इमारतींनी गेटवेसाठी गच्चीवर हातभर जागा, वीज आणि इंटरनेट द्यावे. वीज गेली तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी त्याला दहा-बारा तास चालवेल. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन एक रविवार द्यावा, म्हणजे पाचही पट्ट्यांचे शून्य एकाच पातळीशी जोडता येईल. महिन्यातून एकदा लांब काठीला ब्रश बांधून सेन्सर झाडायला प्रत्येक पुलामागे दोन माणसे हवीत.

आणि काठावरच्या जुन्या रहिवाशांना विशेष विनंती. गोदावरीला २००८ च्या सप्टेंबरात, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर आले. त्या दिवसांत नासर्डी तुमच्या दारात कुठवर आली होती, ती भिंतीवरची खूण दाखवा. कोणत्या पुलावर किती पाणी झाले की धोका समजायचा, हे त्या खुणांवरूनच ठरणार आहे. मृग लागायच्या आत यंत्रे पुलावर चढवायची आहेत, म्हणून खुणा मोजण्याचे काम आम्ही अक्षय्य तृतीयेपर्यंत संपवणार आहोत. घरी कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विचारा.