अपुऱ्या चित्राला नेमकी दाद हवी

संपादक महोदय,

मोबाईलवर चित्रे रंगवणारी मुले-मुली आता खानदेशातील गावोगावच्या शाळांत आहेत. घरात फोन बहुधा एकच असतो आणि तो वडील शेतातून किंवा कामावरून परतल्यावर हाती येतो. तरीही इबिस पेंटसारखी मोफत मिळणारी साधने वापरून, बोटाने किंवा साध्या स्टायलसने ही मुले ज्या चिकाटीने रंगवत बसतात, ती पाहून माझ्यासारख्या कलाशिक्षिकेला मनापासून आनंद होतो. चित्र अर्धे झाले की त्याचा स्क्रीनशॉट येतो आणि खाली प्रश्न असतो, ‘मॅडम, जमतंय का?’ या प्रश्नाला आपण शिक्षक आणि पालक जे उत्तर देतो, त्यावर ते चित्र पुढे जाणार की नाही हे पुष्कळदा ठरते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपले उत्तर बहुतेक वेळा ‘छान’ या एका शब्दात आटोपते, नाहीतर चुकांची लांबलचक यादी होऊन बसते. यामागे अनास्था असते असे मला वाटत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी वर्षानुवर्षे करून घेताना पूर्ण झालेला कागद पाहायचा आणि त्याची श्रेणी मनाशी ठरवायची, याची आमच्या नजरेला सवय झालेली असते. अर्धवट चित्र पाहताना मात्र ही सवय अडचणीची ठरते. डिजिटल चित्राच्या बाबतीत तर अधिकच, कारण कागदावर दिलेला जलरंगाचा हात बराचसा तिथेच राहतो, पण पडद्यावर ‘अन्डू’ करत मागे जाता येते आणि अख्खा लेअर, म्हणजे चित्राचा एक स्वतंत्र थर, क्षणात नाहीसा करता येतो. ‘काहीतरी चुकतंय’ एवढेच ऐकलेले मूल, नेमके कुठे चुकले ते न उमगल्यामुळे, उत्तम जमलेल्या भागासकट सगळेच पुसून टाकते. म्हणून चित्रातले काय राखायचे ते सांगणे, हे मला उत्तेजनाचे पहिले काम वाटते.

उदाहरण देते. नववीतल्या एका विद्यार्थिनीने संध्याकाळची केळीची बाग रंगवायला घेतली आहे. मागे सातपुडा, पुढे केळीच्या रांगा आणि खांद्यावर घड घेऊन बांधाकडे निघालेला एक मजूर. डोंगराच्या तीन रांगांपैकी जी जितकी दूर, ती तिने तितकी फिकट आणि निळसर ठेवली आहे. दूरच्या वस्तूंच्या आणि आपल्या मधल्या हवेत प्रकाश विखुरतो, त्यामुळे त्यांच्यातला गडद-उजळ फरक कमी होतो आणि रंग निळ्याकडे झुकतो. हे तिला कोणी शिकवलेले नाही; तिने ते पाहिले आहे. पानामागून ऊन आले की केळीचे पान पिवळसर पोपटी उजळते, तर त्याच पानाच्या वरच्या गुळगुळीत बाजूवर आकाशाची निळी झाक पडते. एका पानात तिला हे दोन्ही साधले आहे, आणि ते साधलेले पाहून मला जो आनंद झाला तो तिच्यापर्यंत शब्दांत पोहोचलाच पाहिजे. ‘मागच्या डोंगरांना आता हात लावू नकोस, त्यांच्यामुळे बाग किती लांबवर गेलीय ते दिसतं. या एका पानातून ऊन कसं आरपार आलंय बघ. तसं आणखी दोन-तीन पानांत येऊ दे.’ असे म्हटले की तिला आपले बलस्थान कळते आणि उद्याचे कामही मिळते.

चित्रात उणिवा आहेतच. सावल्यांना तिने निव्वळ काळा रंग दिला आहे, आणि ऊन डावीकडून येत असताना मजुराचा चेहरा उजवीकडून उजळला आहे. दोन्ही एकदम सांगू नयेत. उजेडाची दिशा आधी, कारण सावल्या तिच्यावरच अवलंबून आहेत. तीही ‘चूक आहे’ असे न म्हणता ‘ऊन कुठून येतंय?’ असे विचारले तर मूल उत्तर देता देता स्वतःच थबकते. मोकळ्यावर पडलेल्या सावलीत आकाशाचा उजेड मिसळलेला असतो, म्हणून ती निळी-जांभळी दिसते, ही गोष्ट पुढच्या खेपेला सांगता येईल. चित्र आरशात दिसावे तसे डावे-उजवे उलटवून पाहणे आणि तात्पुरते कृष्णधवल करून छटांचा तोल तपासणे, या दोन युक्त्या शिकवल्या की मुलांना आपले दोष आपणच सापडू लागतात.

शिक्षकांना एक आग्रहाची विनंती आहे. विद्यार्थ्याच्या रंगवलेल्या लेअरवर आपला हात चालवू नये. दाखवायचेच असेल तर वर नवा लेअर घ्यावा, त्यावर रेघा माराव्यात आणि तो बंद कसा करायचा हेही सांगावे, म्हणजे चित्र त्याचेच राहते. मोठा बदल करण्याआधी फाइलची प्रत ठेवायला लावावी; परत फिरण्याची वाट मोकळी असली की मुले धाडस करतात. पालकांनी रंगातले कळत नाही म्हणून गप्प राहू नये. ‘ही आपली विहिरीकडची बाग ना?’ एवढ्या ओळखीनेही मुलाला पुष्कळ बळ येते.

आमच्या भागातील शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात. तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रेखाटन, मग रंग आणि शेवटी आकार ठसठशीत करणाऱ्या रेषा, अशा क्रमाने भित्तिचित्रे झाली. काही लेणी तर अपूर्णच राहिली आहेत. मुलांना हे टप्पे आवर्जून दाखवावेत.

आपल्या मुलांच्या पुरवणीत विद्यार्थ्यांची पूर्ण झालेली चित्रे येतात. त्यांच्या शेजारी त्याच चित्राचे आधीचे दोन टप्पे आणि कोणत्या टप्प्यावर काय बदलले याविषयी त्या विद्यार्थ्याच्या चार ओळी छापता आल्या, तर त्याचा आम्हा शिक्षकांनाही वर्गात उपयोग होईल. पडद्यावरचे झगझगीत हिरवे-निळे रंग छपाईत मंद होतात, तेव्हा चित्र पाठवण्यापूर्वी एक प्रत छापून पाहण्याची सूचनाही सोबत द्यावी.

आपली,
एक कलाशिक्षिका, चोपडा (जि. जळगाव)